मडमेची सफरचंदं

लोणावळे, ता. ३० ऑगस्ट १९४१

बसऱ्याला असलेल्या माणसास जैनबचा सलाम.

मी पत्र लिहिणार नव्हते. तुमची दोन पत्रं पोचली. वाचून डब्यात ठेवली. तुम्ही पलटणीच्या साहेबांना रांधून घालताय आणि तब्येत बरी आहे, एवढं कळलं, तेवढं मला पुरे होतं. पण अडला हरी! पुढचं तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

मंगळवारी मुंबईहून सफरचंदांची पहिली पेटी आली. गणपती बसले की पेट्या सुरू होतात आणि नाताळपर्यंत चालतात, ते तुम्हाला काय सांगायचं. पेटी फोडली आणि कार्टर मडमेने मला हाक मारली. म्हणाली, आता रविवारचे सफरचंदाचे मफीन. मी म्हटलं, मडम, मला येत नाहीत. म्हणाली, इकबालची बायको आहेस आणि येत नाहीत? जसं काही लग्नात आहेर म्हणून शिकवून पाठवतात.

तुम्ही मे महिन्यात गेल्यापासून बंगल्याचं सगळं मीच करते. सूप करते, कटलेट करते, कस्टर्ड करते. बाई निमूट खाते. पण मफीनवर तिचा जीव आहे. तिने शांतपणे सांगितलं, बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तसं, की नाताळपर्यंत बघते. जमलं तर तू राहा. नाही तर मुंबईहून दुसरा खानसामा येईल, आणि ही मागची खोली त्याला लागेल.

अकरा वर्षं मी या खोलीत राहतेय. इथून निघाले तर तळेगावला भावाच्या दारात. भाऊ चांगला आहे, पण वहिनीला तुम्ही ओळखता.

तेव्हा मफीन कसे करायचे ते सविस्तर लिहून पाठवा. मला कधी बघू दिलं नाहीत. मफीनच्या दिवशी मुदपाकखान्याच्या दाराशी आले तरी हाकलायचात. म्हणायचात, बाईमाणसाची सावली पडली की मफीन बसतात. मला खरंच वाटायचं. काय मूर्ख होते मी!

आणि एक. पत्र लिहिलं म्हणून मी बोललेलं परत घेतलं असं समजू नका. मी म्हणाले होते, अकरा वर्षं त्या बाईला गोडधोड भरवताय, पण माझ्यासाठी त्या मुदपाकखान्यातून आपणहून कधी एक घास आणला नाहीत. आठ वर्षांपूर्वी मुदतीच्या तापात सफरचंदं खाल्ली मी, ती मडमेची मेहरबानी. तुमचं काय त्यात? यावर तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात, ट्रंक उचललीत आणि पलटणीबरोबर गेलात. मीही स्टेशनवर आले नाही. ते वाक्य मी परत घेत नाही.

जैनब


लोणावळे, ता. २८ सप्टेंबर १९४१

खानसामासाहेबांस सलाम.

कृती पोचली. पलटणीतून येणारी पत्रं कुणी गोरा साहेब वाटेत फोडून वाचतो म्हणे. त्या गोऱ्या साहेबाने तुमची कृती वाचून घरी मफीन केले असतील तर त्याच्या बायकोची मला दया येते.

तुम्ही लिहिलंत तसं केलं. मैदा, लोणी, अंडी, साखर, आंबट दह्यात खायचा सोडा. तिथवर ठीक. पुढे लिहिलंत, "सफरचंद सोलून किसायचं, मीठ लावून घटकाभर ठेवायचं, घट्ट पिळायचं, मग साखर, लवंग, दालचिनी, लिंबू घालून मऊ शिजवायचं." अहो, सफरचंद किसतं कोण? किसता किसता ते काळं पडलं. मीठ लावलं आणि पिळलं तर सगळा रस वाटीत आणि हातात चोथा. मला वाटलं, अकरा वर्षांचा हात आहे, काहीतरी मर्म असेल.

मडमेची लोखंडी भट्टी बिघडवीन या भीतीने आधी घरीच केले. पातेल्यात वाळू, वाळूवर तिवई, तिच्यावर कल्हईच्या वाट्या, खाली शेगडी आणि झाकणावर निखारे. आपण नानकटाई करतो तसंच. पहिली खेप खालून करपली, वरून कच्ची. दुसरी फुगली पण सुकी. आणि रोजे चालू आहेत, चाखता येत नाही! महिपती माळ्याला म्हटलं, तू चाख. तो कानाला हात लावून म्हणाला, "नगं भाबी, अंडं हाय त्यात, आज माजा शनवार. वास घिऊन सांगतो." वास घेतला आणि म्हणाला, "वास तर ब्येस हाय. पर त्यो न्हाई." मी म्हटलं, तो म्हणजे कुठला? तर म्हणाला, "इकबालभाईचा येतो त्यो." आता एका मफीनला वास तरी किती असावेत?

आज रविवारी मडमेला दिले. अर्धा खाल्ला, बशी सरकवली. म्हणाली, हे इकबालसारखं नाही. ते चार दिवस ओलसर राहतात, हे आजच घशात अडकतं. ते सगळं एक वेळ कबूल. पण पुढे काय म्हणाली ऐका. म्हणाली, जैनब, यात सफरचंदाची चवच नाही.

चार सफरचंदं घातली होती हो मी! तिच्याच पेटीतली, तिच्याच देखत नेलेली. सफरचंदात सफरचंदाची चव नाही तर कशाची असेल? माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. तुम्ही काही लिहायला विसरलात का? की मुद्दाम गाळलंत? मी रागात बोलले म्हणून मला घराबाहेर काढायचं आहे का तुम्हाला?

नीट लिहा.

जैनब


लोणावळे, ता. १२ ऑक्टोबर

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आता वेगळंच निघालं.

महिपतीने काल टोपलीभर दुधी दारात आणून टाकले. म्हणाला, "भाबी, येल फुटस्तोवर लागलाय आन् न्यायला कोन न्हाई. जून व्हाय लागलं समदं." मी म्हटलं, आधी कोण न्यायचं? म्हणाला, "इकबालभाई. दर शनवारी सांजच्याला, कवळा बघून एक. सात-आठ वर्सं झाली. त्यांच्यासाटनंच तर मांडव केलाय म्या." वर म्हणतो, "मी मनात म्हनायचो, दोन मान्सांच्या घरात दुधी खातंय कोन इतका!"

मीही तेच विचारते. आपल्या घरात दुधी शिजला असेल तर वर्षातून दोनदा. मडमेला दुधीचं नावही चालत नाही, आजाऱ्याचं अन्न म्हणते. मग दर शनिवारी दुधी जायचा कुठे? कुणाच्या घरी? लोणावळ्यात असं कोण आहे जिच्या चुलीवर तुमचा दुधी शिजायचा?

लिहितानाही लाज वाटते. दुसऱ्या बाईला माणूस बांगड्या देतो, लुगडं देतो. दुधी कोण देतं? पण तुमचा काही भरवसा नाही. मला खरं ते कळवा.

जैनब


लोणावळे, ता. २६ ऑक्टोबर १९४१

बाई नाही. कळलं. मागच्या पत्रातलं ते सोडून द्या.

ईद झाली. शुक्रवारी म्हटलं दुधी वाया जातायत, कोफ्ते करावेत. दुधी सोलला, किसला, मीठ लावून ठेवला, पाणी सुटलं, पिळायला मूठ भरली. आणि मूठ तशीच राहिली. किसायचं, मीठ लावायचं, पिळायचं! अहो, ही सफरचंदाची रीत नाही, ही दुधीची रीत आहे! तुम्ही पत्रात सफरचंद लिहिलंत, पण हाताने दुधीच केला होता, तो कृतीत तसाच उतरला. ताकाला जाऊन भांडं लपवलंत, तेही इतक्या लांबून.

कोफ्ते राहिले. त्याच किसात साखर, लवंग, दालचिनी, लिंबू घालून शिजवलं. रवीने घोटलं. पिवळसर, मऊ, कुणीही सफरचंद म्हणावं असं. वाट्या भरल्या, निखारे ठेवले. आता रोजा नव्हता, म्हणून मी स्वतः खाल्ला. लुसलुशीत, ओलसर, तोंडात विरघळणारा. महिपतीला वास दिला. म्हणाला, "ह्यो! ह्योच त्यो!"

तरी मला खरं वाटेना. मी मुद्दाम तेच आज सकाळी मडमेच्या बशीत ठेवले.  बाईने एक घास घेतला, डोळे मिटले. दोन खाल्ले. मग माझा हात धरून म्हणाली, बघ, आता लागतंय ना सफरचंद?

मी म्हटलं, हो मडम.

म्हणजे पेटी मुंबईहून येते, मडम दुधी खाते, आणि सफरचंदाची वाहवा करते. हसू की रडू ते कळेना. दुपारपर्यंत हसले. मग हसू थांबलं. कारण मग सफरचंदं कुठे गेली? दुधी कुणाकडे जायचा म्हणून मी मागच्या पत्रात भांडले, आता सफरचंदांसाठी भांडते.

मफीनसाठी नेलेली चार मी फोडी करून तिच्याच जेवणात वाढली, हल्ली तुम्हीही तसंच करत असाल; उरलेली ती मोजून कपाटात ठेवते, ते मी बघते. पण सुरुवातीला? पहिल्यांदा दुधी घातलात तेव्हा त्या दिवशीची सफरचंदं कुणी खाल्ली? तुम्ही चोरलीत का?

माझे अब्बा शिंपी होते. गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेली चिंधीसुद्धा घडी करून परत द्यायचे. त्यांची मुलगी आहे मी. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही खिशातून साखरेचे दोन खडे आणलेत, ते मी तुम्हाला परत ठेवायला पाठवलं होतं. आठवतं? विचारल्याशिवाय आणलेलं माझ्या घरात शिजत नाही. आणि अकरा वर्षं मी चोराच्या घरात नमाज पढत होते का, एवढंच मला सांगा.

मडमेला मी अजून काही बोलले नाही. बोलावं तर तुमचं नाव जातं आणि खोलीही जाते. न बोलावं तर दर रविवारी मी खोटं वाढते. खोली वाचली असं वाटतं आणि त्याच वेळी त्या खोलीत बसवत नाही.

जैनब


लोणावळे, ता. २७ डिसेंबर १९४१

अहो,

तुमचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. दोन ओळी. "मडमेला काही सांगू नकोस. तुला सांगण्यासारखं आहे, पण पत्रात नाही." ते वाचून मी इतकी चिडले, इतकी, की ठरवूनच टाकलं. म्हटलं, चोरी कबूल करायचीही हिंमत नाही माणसात. नाताळच्या दिवशी मीच सगळं सांगते. राहिली खोली तर राहिली, गेली तर वहिनीची भांडी घाशीन.

नाताळच्या सकाळी मफीन नेले. मडम व्हरांड्यात शाल पांघरून बसली होती. मला समोरच्या स्टुलावर बसवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, दुसरा खानसामा येणार नाही. इकबाल येईपर्यंत तू, आणि तो आल्यावर तुम्ही दोघं. खोली तुमचीच.

आता सांगायचं, पण आधी आभार तर मानायला हवेत. खाल्लेल्या मिठाला जागावं माणसाने. म्हणून म्हटलं, मडम, आठ वर्षांपूर्वी मला मुदतीचा ताप आला होता, चाळीस दिवस अन्न जात नव्हतं, डॉक्टरने शिजवलेलं सफरचंद तेवढं चालेल सांगितलं आणि तुम्ही रोज पेटीतलं सफरचंद पाठवत होतात. त्यावर मी वाचले. ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

बाईने बशी बाजूला ठेवली. म्हणाली, कुठली सफरचंदं? तू कधी आजारी होतीस? त्या पावसाळ्यात तू तळेगावला होतीस, भावाच्या लग्नाला, महिना-दीड महिना. इकबालनेच सांगितलं.

मग तिने शाल घट्ट ओढली. म्हणाली, मुदतीचा ताप? इथे, मागच्या खोलीत? माझा नवरा त्याच तापाने गेला, जैनब. मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी तुम्हा दोघांना टांग्यात घालून पाठवलं असतं. तिने ते रागाने नाही, खरं म्हणून सांगितलं.

तेव्हा मला एकेक आठवत गेलं.

त्या चाळीस दिवसांत तुम्ही आपल्या खोलीचं दार लावून ठेवायचात. म्हणायचात, मडमेचा हुकूम आहे, बाहेर वारा लागू द्यायचा नाही. मी म्हणायचे, काय माया आहे बाईची! वाटीत शिजवलेलं सफरचंद, वर एक लवंग. मी विचारायचे, मडमेनेच दिलं ना? तुम्ही म्हणायचात, हो, तिनेच. कारण नाही म्हणाला असतात तर मी तोंडात घेतलं नसतं. मेले असते पण घेतलं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तिकडे मफीनमध्ये घालायला काही उरलं नाही, म्हणून दुधी. मग मडमेला तोच आवडला. माझा ताप उतरल्यावर तुम्ही पुन्हा सफरचंदाचे केले असणार, आणि तिने बशी सरकवली असणार, जशी माझ्यापुढे सरकवली. मग कुठलं सुटतंय माणूस त्यातून!

तरीही मी सांगायला तोंड उघडलं. अब्बांची मुलगी ना! म्हटलं, मडम, त्या मफीनमध्ये जे आहे ते...

बाईने ऐकलंच नाही. ती आपल्याच तंद्रीत होती. म्हणाली, तुला माहीत आहे, इकबाल पहिली दोन-तीन वर्षं करायचा ते चांगले होते, पण माझे नव्हते. मग त्याच पावसाळ्यात एका रविवारी त्याने बशी ठेवली आणि मी रडले. माझी आई अमेरिकेत शेतावर करायची ते हेच. हुबेहूब. आम्ही गरीब होतो, झाडाची सफरचंदं मोजून बाजारात जायची, आम्हा मुलांना एकही मिळायचं नाही. पण हिवाळ्यातला एक रविवार असा गेला नाही की आईने सफरचंदाचे मफीन केले नाहीत.

मी विचारलं, सगळी बाजारात जायची, मडम? म्हणाली, सगळी.

मग मी गप्प बसले. तिच्या आईने ते कशाचे केले असतील, हे बाईला सत्तर वर्षांत सुचलं नाही. ते मी कोण सुचवणार? त्यांच्याकडेही परसात कसला तरी वेल असेलच.

निघताना बाईने कपाटातून एक सफरचंद काढून माझ्या हातात ठेवलं. तिच्या हाताने, माझ्या हातात, विचारावं लागू नये असं. दोन दिवस ते फळीवर ठेवलं. आज शिजवलं, वर लवंग घातली. खाल्लं. चांगलं होतं. पण ते नव्हतं.

मला काही कळत नाही. तुम्ही चोरी केलीत, हे खरं. मला खोटं सांगितलंत, बाईला खोटं सांगितलंत, हेही खरं. मी चाळीस दिवस चोरीचं खाल्लं आणि वर भलत्याच माणसाला दुवा देत राहिले. तुमचा राग करायला बसते आणि होत नाही. माफ करायला बसते तर अब्बा डोळ्यांपुढे येतात, हातात घडी केलेली चिंधी घेऊन. चिंधी परत देता येते हो. चाळीस दिवस पोटात गेलेलं कसं परत द्यायचं? हे कुणाला विचारू? तुम्हालाच विचारते. आणि मे महिन्यात मी तसं बोलले तेव्हा "बरं" काय म्हणालात? भांडायचं होतंत. एकदा ओरडून सांगायचं होतंत की जैनब, तुझं तोंड आवर, तुला मी जगवलंय!

तुमच्या त्या दोन ओळींवरची तारीखही सहा आठवड्यांपूर्वीची होती, आणि तुमच्याकडल्या लढाईच्या बातम्या नीट कळत नाहीत. पोस्टात रोज जाते. मास्तर लांबूनच मान हलवतो. येताना कळवा. या खेपेला मी स्टेशनवर येईन, गाडीच्या आधी येऊन उभी राहीन.

उद्या रविवार. वेलावर आता शेवटचे दोन कोवळे राहिलेत, त्यातला एक महिपतीने आणून ठेवलाय. मी तो किसीन, मीठ लावीन, पिळीन, आणि मडमेला सांगीन सफरचंद. तुमचं पाप आता निम्मं माझं आहे.

आणि तुम्ही माझ्यासाठी एक घास आणला नाहीत, असं मी म्हणाले होते. ते परत घेते.

तुमची जैनब